चार उभे स्क्रू

१

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी सर्व्हेअरबाईंनी काळ्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या घड्याळाला भिंग लावलं, क्षणभर श्वास रोखला आणि भिंग मिटून खिशात टाकलं.

"हे घड्याळ नकली आहे."

गाडीची मालकीण दाराशी उभी होती. ती शाळेत भूगोल शिकवायची. मैदानावर सगळे तिला ताई म्हणत. तिला आधी वाटलं, बाई थट्टा करताहेत. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला.

तो चेहरा थट्टेसाठी प्रसिद्ध नव्हता. एकतीस वर्षं बाईंनी विमा कंपनीसाठी अपघातात चेपलेल्या गाड्या तपासल्या होत्या. त्या नोकरीत त्यांच्याशी खरं बोलायची ती फक्त गाडी. निवृत्तीनंतर त्या जुन्या गाड्यांच्या या वार्षिक प्रदर्शनात परीक्षक झाल्या. त्यांच्याकडे ॲक्सेसरीज तपासायचं काम होतं, म्हणजे कारखान्याने न दिलेल्या, पण त्या काळच्या मालकाने हौसेने दुकानातून बसवून घेतलेल्या वस्तू. शोधदिवा, फुलदाणी, मागच्या कठड्यावरची सामानाची पेटी, घड्याळ. नियम एका ओळीचा होता: वस्तू त्याच वर्षीच्या विक्रेत्याच्या सूचीत असली पाहिजे आणि वस्तू खरी असली पाहिजे. त्याच सकाळी पावणेदहाला त्यांनी दंतवैद्यांच्या हिरव्या गाडीवरून एक देखणी चामडी पेटी उतरवायला लावली होती. पेटीची कुलपं गाडीपेक्षा वीस वर्षांनी तरुण निघाली.

"नकली कसं असेल? बाबांनी गाडी घेतली तेव्हापासून आहे ते," ताई म्हणाली.

"तुम्हीच बघा." बाईंनी भिंग पुन्हा बाहेर काढून तिच्या हातात दिलं. "आकड्यांच्या कडा बघा. काय दिसतं?"

"ठिपके."

"वर्तमानपत्रातल्या फोटोला असतात तसे. छापलेली तबकडी आहे. खऱ्या घड्याळाचे आकडे रंगाने काढलेले असतात. त्यात ठिपके नसतात."

एव्हाना सचिव धावत आले होते. प्रदर्शनाचे सचिव कायम धावतच यायचे आणि आल्यावर घड्याळात बघायचे. आज बघायला दोन घड्याळं होती.

"पाच वाजता बक्षिसं आहेत," ते म्हणाले. "ही गाडी पहिल्या नंबरात आहे. कोणी उघडलं होतं हे?"

 ताई वाकून घड्याळाच्या पितळी कड्याकडे बघत होती. कड्याला चार बारीक स्क्रू होते. प्रत्येकाच्या डोक्यावरची खाच खालून वर, सरळ उभी होती. चारही जवान कवायतीला उभे असल्यासारखे.

मैदानावर अशा खाचांचा अर्थ एकच होता.

"काका," ताई म्हणाली. त्यात हाक नव्हती.

२

उभेकाकांना हे नाव स्क्रूंमुळे पडलं होतं. चाळीस वर्षं ते जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करत होते, आणि प्रत्येक स्क्रू घट्ट बसवताना शेवटचा पीळ असा द्यायचे की खाच उभीच राहावी. कारखान्याने कधी एवढी फिकीर केली नव्हती. लोक मात्र गाडीचं दार उघडून आधी स्क्रू बघायचे आणि मगच कारागिराचं नाव विचारायचे.

ताईची गाडी यंदा चार महिने त्यांच्या शेडमध्ये होती. ताईचे वडील आणि ते जुने दोस्त. वडील आता अंथरुणाला खिळलेले, म्हणून गाडी ताई चालवत घेऊन आली होती.

बाई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते पाण्याच्या पिंपाशी हात धूत होते. हात स्वच्छ होते, तरी धूत होते.

"ऐकलंत?"

"पोरीने सांगितलं. म्हणजे तोंडाने नाही सांगितलं. बघितलं माझ्याकडे आणि तोंड फिरवलं." त्यांनी हात झटकले. "चार वर्षांची होती तेव्हापासून माझ्या शेडमध्ये खेळलीय. ग्रीसचा डबा डोक्यावर पालथा करून घेतला होता एकदा."

"सचिव म्हणतात, साडेचारपर्यंत उलगडा झाला नाही तर मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीतून तुमचं नाव काढणार. पाच वाजता माइकवरून जाहीर करणार."

"काढू देत. सत्तरी आली. असाही किती दिवस स्क्रू पिळणार होतो?" ते हसले, पण ते हसू गालापर्यंतच पोचलं. "बाई, चाळीस वर्षांत मी दुसरं काही कमावलं नाही. शेड भाड्याची आहे. नाव तेवढं माझं."

"घड्याळ तुम्ही उघडलं होतंत?"

"फेब्रुवारीत. काच साफ केली, कडं बसवलं, संपलं."

"चारही खाचा उभ्या आहेत."

 काका हळूच म्हणाले, "तुम्हाला तरी हे पटतं का? तुम्हाला?"

"मला काय पटतं ते कागदावर लिहिता येत नाही."

"मग लिहिता येईल असं काहीतरी बघा. नुसत्या घड्याळाकडे काय बघताय? सगळी गाडी बघा की! दारं बघा, दिवे बघा. चार महिने माझ्याच हातात होती ना?"

बाई परत काळ्या गाडीकडे गेल्या. दाराच्या मुठींना आठ स्क्रू होते. वेगमापकाला सहा. मागच्या आरशाला दोन. त्यांनी वहीत एकेक खाचेची दिशा लिहून घेतली. 

सोळाच्या सोळा खाचा सोळा दिशांना तोंड करून होत्या.

३

ताई गाडीच्या पायरीवर बसली होती. मांडीवर फोन होता, पण लावलेला नव्हता.

"बाबांना काय सांगू? तुमच्या मित्राने तुमचं घड्याळ लांबवलं म्हणून सांगू?"

"इतक्यात काहीच सांगू नका," बाई म्हणाल्या. "मला एक सांगा. या घड्याळाला चावी कोण देतं?"

"मीच. बाबांची पद्धत आहे, प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मैदानावर आल्यावर चावी द्यायची. आठ दिवस चालतं मग. बारा वळणं. दहाव्याला जड जातं, बाराव्याला अडतं. तिथे थांबायचं, जोर करायचा नाही."

"आज दिलीत?"

"नऊ वाजता."

"बाराव्याला अडलं?"

"हो. बोटं दुखली माझी."

"आता फिरवून बघा."

ताईने घड्याळाखालची फिरकी धरली. एक, दोन, पाच, दहा, पंधरा. विसाव्या वळणाला तिने हात काढला. फिरकी कुठेही न अडता बाटलीच्या सैल झाकणासारखी फिरत होती.

"आत बॅटरी असणार," बाई म्हणाल्या. "फिरकी शोभेची आहे."

ताई उठून उभी राहिली. "म्हणजे नऊ वाजता खरं घड्याळ इथेच होतं. काकांच्या शेडमध्ये काहीच झालेलं नाही!"

"शेडमध्ये झालेलं नाही. इथे कोणी केलं ते अजून कळायचंय. काका इथेही आहेत, आणि त्यांच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर आहे."

ताईच्या चेहऱ्यावर आलेला उजेड पुन्हा मावळला.

बदल केव्हा झाला असेल ते शोधायला वेळ लागला नाही. ताई सकाळपासून एकच तास गाडीपासून लांब होती. या प्रदर्शनात परीक्षणाआधी अकरा ते बारा एक तास पाळला जायचा. त्याला सगळे 'हात वर' म्हणत. त्या तासात कोणाही मालकाने गाडीला बोट लावायचं नाही. दारं उघडी ठेवून सगळे मालक मोठ्या तंबूत सूचना ऐकायला बसत, प्रेक्षक दोरीपलीकडे थांबत, आणि निवेदक माइकवरून एकेका गाडीची माहिती सांगत. दोरीच्या आत फिरायला गळ्यात पिवळं कार्ड लागे. शेवटच्या क्षणी पॉलिशचा फडका मारणाऱ्या मालकांना आवर घालायला हा नियम केला होता. चोराला याहून सोयीचा तास कोणी ठरवून दिला नसता.

बाकीचे परीक्षक तंबूत मालकांना सूचना देत होते. स्वतः बाई कागदपत्रांच्या खोलीत दोन कारकुनांसमोर सूच्या तपासत बसल्या होत्या. उरली तीन पिवळी कार्डं: सचिव, निवेदक, आणि अडीअडचणीला दुरुस्तीसाठी ठेवलेले उभेकाका.

"चौथंही आहे," ताई म्हणाली. "गोदामवाले. समितीवर आहेत ना ते, म्हणून त्यांनाही कार्ड आहे. माझ्या शेजारीच बसले होते तंबूत. मधेच उठून गेले, फोन आलाय म्हणून. परत आले तेव्हा घामाघूम झाले होते."

पांढऱ्या गाडीचे मालक गोदामवाले. पहिल्या नंबरासाठी ताईच्या गाडीला टक्कर द्यायला मैदानात ती एकच गाडी होती.

४

"मी? घड्याळ चोरलं?" गोदामवाल्यांनी छातीवर हात ठेवला. छाती रुंद होती, हात बराच वेळ प्रवास करत गेला. "बाई, माझ्या गोदामात तीनशे घड्याळं पडलीत."

"अशी नसतील."

"अशी नाहीत, हे खरं."

"तंबूतून उठून कुठे गेला होतात?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोणाला सांगणार नाही ना? जेवायला. डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. बायको तंबूत मागच्या रांगेत होती. दाराबाहेरच्या गाडीवर उभा राहून भजी खाल्ली. विचारा त्याला, दोन प्लेट. पळत गेलो, पळत आलो, म्हणून घाम."

बाईंनी ते लिहून घेतलं. गोदामवाल्यांना ते आवडलं नाही.

"लिहू नका हो! आणि एक सांगतो. मला ताईची गाडी पाडायचीच असती, तरी मी ते उभे स्क्रू केले नसते. त्या उभ्या स्क्रूंनी माझा कप घालवलाय! तुम्ही विसरलात? तुम्हीच तर घालवलात!"

"तीन वर्षांपूर्वी."

"तीन वर्षांपूर्वी. गाडी काकांनी केलेली. मी छाती काढून उभा, आणि तुमचा कागद आला: स्क्रूंच्या खाचा एका दिशेने, कारखान्याची पद्धत नाही, दोन गुण वजा. दीड गुणाने कप गेला माझा! मी तो कागद काकांच्या तोंडासमोर नाचवला. काय नाही ते बोललो. माणूस एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी आला, आणि माझ्या गाडीचे सगळे स्क्रू एकेक करून वाकडे करून गेला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्या दिवसापासून त्याने एक स्क्रू उभा लावलेला नाही."

"हे अजून कोणाला ठाऊक आहे?"

"मी कशाला सांगत सुटेन? माझीच नाचक्की. गुणपत्रक तर फक्त मालकाला मिळतं."

"आणि परीक्षकाला. आणि सचिवांच्या फाईलला," बाई म्हणाल्या.

खाचा उभ्या करणाऱ्याला काकांना अडकवायचं होतं, हे आता स्पष्ट होतं. पण तो तीन वर्षं जुन्या बातमीवर चालला होता. गोदामवाल्यांना नवी बातमी पाठ होती. त्यांचं नाव वहीत खोडलं गेलं.

काका सोडून दोन उरली.

५

सचिवांनी फाईल काढून दाखवायला आढेवेढे घेतले.

"गुणपत्रकं गोपनीय असतात."

"त्यातलं एक मीच लिहिलेलं आहे."

"हो, ते दोन गुणांचं ना? ठाऊक आहे, मीच टाइप केलं होतं. पण बाई, चाळीस वर्षांची सवय. एखाद्या वेळी हात जातो तसा."

"फक्त याच चार स्क्रूंवर गेला? सोळा सोडून?"

सचिवांनी घड्याळात पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

"मला वाद नको. यादीतून नाव काढलं की विषय मिटतो."

"आणि यादीत एक जागा रिकामी होते. तुमच्या भाच्याचं गॅरेज आहे म्हणे. दोन वर्षं अर्ज पडून आहे त्याचा."

सचिवांचे कान लाल झाले. "भाचा आपल्या लायकीवर येईल. आणि मी अकरा ते बारा खुर्च्या मोजत होतो. दोनशे मागवल्या, एकशे ऐंशी आल्या. मंडपवाल्याशी भांडत होतो. अख्ख्या मैदानाने ऐकलं असेल."

मंडपवाल्याने ते कबूल केलं. वर त्याने सचिवांबद्दल जे सांगितलं ते वहीत घेण्यासारखं नव्हतं.

निवेदकाचा मंच मैदानाच्या मधोमध होता. चार लाकडी पायऱ्या, वर छत, टेबल, माइक, मागे निळा पडदा. पडद्यामागून एक पायवाट थेट गाड्यांच्या दुसऱ्या रांगेकडे जात होती, जिथे काळी गाडी उभी होती. ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस लांब जनरेटरजवळ बसायचा. तिथून त्याला मंचाची पायऱ्यांकडची बाजू तेवढी दिसायची; टेबलही नाही आणि पडद्यामागची पायवाटही नाही.

निवेदक उठून उभे राहिले. वीस वर्षं या मैदानाचा आवाज त्यांचा होता. माइक बंद असतानाही ते असे बोलायचे की ऐकणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात.

"या, या, बाई! ऐकून वाईट वाटलं. फार वाईट. काका देवमाणूस."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी काय बोलणार? पण त्यांचे स्क्रू म्हणजे त्यांची सही. वीस वर्षं मी याच माइकवरून सांगत आलोय: खाच उभी दिसली की समजा, गाडी उभेकाकांच्या हातून गेलेली आहे. आजही सकाळी तेच सांगितलं."

"तुम्ही अलीकडे पाहिल्यात त्या खाचा?"

"पाहायचं काय त्यात? जगजाहीर आहे."

"अकरा ते बारा इथेच होतात?"

ते मोठ्याने हसले. "मी हललो असतो तर आवाज बंद पडला असता. चाळीस गाड्या, दीड दीड मिनिट. हिशेब करा. पाणी प्यायला फुरसत नव्हती."

हे नाकारता येण्यासारखं नव्हतं. त्या तासात मैदानभर त्यांचा आवाज अखंड चालू होता. कागदपत्रांच्या खोलीत बाईंनी स्वतः ऐकला होता.

टेबलावर गाड्यांच्या माहितीची कार्डं होती. बाईंनी सवयीने चाळली. टापटीप काम. दुरुस्त्या लाल शाईत. हिरव्या गाडीच्या कार्डावर पेटीची ओळ खोडून शेजारी लिहिलं होतं, 'काढली, स. १०'.

"सचिवांनी स्वतः येऊन सांगितलं, लगेच खोडलं," निवेदक म्हणाले. "चूक गेलेली मला खपत नाही."

ऊन मी म्हणत होतं. निवेदकांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांची चामडी पिशवी एरवी टेबलाखाली पायाशी असायची. आज ती मंचाच्या पार दुसऱ्या टोकाला, पायरीजवळ होती, आणि तिच्यावर लोकरी कोटाची नीट घडी घातलेली होती.

बाईंनी वही मिटली. खुर्च्या मोजणारे सचिव सुटले. बोलत राहिलेले निवेदकही सुटले. उरले फक्त उभेकाका.

६

चार वाजता दंतवैद्य बाईंना शोधत आले. सकाळचा राग अजून ताजा होता.

"पेटी काढायला लावलीत, मी काढली. नियम म्हणजे नियम. पण वर जखमेवर मीठ कशाला?"

"काय झालं?"

"तंबूत बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं मी. भोंग्यावरून सगळ्या मैदानाला सांगताहेत, 'मागच्या कठड्यावरची चामडी पेटी अवश्य पाहा, पितळी कुलपांसकट!' दुपारपासून माणसं येताहेत आणि मला विचारताहेत, पेटी कुठाय, पेटी कुठाय. एकाने तर विचारलं, विकलीत का. दात उपटणं परवडलं!"

बाई त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की दंतवैद्यांनी नकळत तोंड मिटलं.

"किती वाजता ऐकलंत?"

"साडेअकराच्या सुमारास."

"नक्की?"

"सूचना चालल्या होत्या. मी घड्याळच बघत होतो."

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "तुमच्या पेटीने आज कोणाचं तरी नाव वाचवलं."

साडेचारला त्या मंचावर चढल्या. मागोमाग सचिव, ताई, गोदामवाले. उभेकाका पायरीशीच थांबले. निवेदक बक्षिसांचे कागद लावत होते. त्यांनी सगळ्यांना हसून जागा करून दिली. जागा करताना ते आपण होऊन पिशवीच्या बाजूला सरकले.

"वेळ थोडा आहे, म्हणून सरळ सांगते," बाई म्हणाल्या. "घड्याळ नऊ वाजता खरं होतं, ताईंनी चावी दिली. बारा चाळीसला खोटं होतं. मधे 'हात वर'चा तास. ज्याने बदललं त्याने चार खाचा उभ्या केल्या, म्हणजे पकडलं गेलंच तर बोट काकांकडे जावं. पण काकांनी तीन वर्षांत एक खाच उभी लावलेली नाही. मी त्यांचे दोन गुण कापले होते म्हणून. गोदामवाल्यांना ठाऊक आहे, सचिवांना ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही तो गुणपत्रकं बघत नाही आणि गाड्याही बघत नाही. फक्त कार्डं वाचतो."

निवेदकांचं हसू जागच्या जागी राहिलं. "बाई, माझा आवाज—"

"तुमचा आवाज इथे होता. तुम्ही नव्हतात. दहा वाजता तुम्ही हिरव्या गाडीच्या कार्डावरची पेटी स्वतःच्या हाताने खोडलीत. साडेअकराला तुमच्याच आवाजाने पेटी पाहायला सांगितली. चूक गेलेली तुम्हाला खपत नाही. मग ती गेली कशी? तो आवाज दहाच्या आधी, घरी बसून, जुन्या कार्डांवरून भरून ठेवलेला होता. तुम्ही फोन माइकच्या यंत्राला जोडलात आणि पडद्यामागून उतरलात. वेळ भरपूर होता, आणि आवाज ज्या गाडीचं सांगेल तिकडे लोक बघत होते, मंचाकडे नाही."

 दोरीपलीकडे पहिल्या रांगेतली माणसं मंचाकडे बघू लागली होती.

"एक ओळ चुकून तोंडात राहिली असेल," निवेदक म्हणाले. "वीस वर्षांच्या कामावर तुम्ही एका पेटीवरून पाणी फिरवणार? पुरावा काय?"

"ताई, पूर्ण चावी दिलेलं घड्याळ मधेच थांबवता येतं?"

"मागचं झाकण उघडल्याशिवाय नाही," ताई म्हणाली. "आठ दिवस चालतं."

बाईंनी टेबलावरचा माइक उचलला, लांब वायर ओढत मंचाच्या टोकाला गेल्या, आणि ध्वनियंत्रणेच्या माणसाला हाताने खूण केली: आवाज वाढव. अजून वाढव. मग कोट बाजूला केला आणि माइक पिशवीला टेकवला.

मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांमधून टिकटिक सुरू झाली. नेहमीच्या घड्याळासारखी सावकाश नव्हती. बारीक आणि भरभर, सेकंदाला पाच ठोके. चाळीस गाड्यांवरून ती टिकटिक पसरली आणि हळूहळू सगळं मैदान गप्प झालं.

ताईने डोळे मिटले. "तेच आहे."

७

पिशवीत कार्डांच्या जुन्या गठ्ठ्याखाली, मफलरमध्ये गुंडाळलेलं घड्याळ होतं. निवेदकांनी ते स्वतःच काढून टेबलावर ठेवलं. माइक बंद केल्यावर त्यांचा आवाज कोणाचाही असावा इतका साधा निघाला.

"माझ्याकडे हीच गाडी आहे. हेच वर्ष. अकरा वर्षं लावतोय. सगळं मिळालं. हे नाही मिळालं. डॅशबोर्डमध्ये तिथे नुसतं भोक आहे. रोज सकाळी बघतो." त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. "तुम्ही सगळे गाड्या आणता. मी नुसता बोलतो."

"मागितलं असतंत तर बाबांनी बघायला दिलं असतं," ताई म्हणाली. "माप घ्यायला दिलं असतं. आणि काका? त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

 सचिवांनी निवेदकांच्या गळ्यातलं पिवळं कार्ड काढून घेतलं आणि, पहिल्यांदाच, घड्याळात बघायला विसरले.

काळ्या गाडीशी आता पाचच जण होते. बाईंच्या हातात ॲक्सेसरीजचा कागद होता. वस्तू जागेवर बसल्याशिवाय त्या सही करत नसत.

उभेकाकांनी घड्याळ भोकात सरकवलं, कडं बसवलं, पहिला स्क्रू पिळला. खाच उभी राहतेय असं दिसताच त्यांनी मनगट जरासं पुढे ढकललं. खाच तिरपी झाली.

ताई शेजारी वाकून बघत होती. दुपारपासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"काका, तिरपी का केलीत?"

"कारखान्यात अशीच असते, पोरी."

"बाबा अजून सांगतात. पहिल्यांदा गाडी तुमच्याकडून आली तेव्हा रात्री बॅटरी घेऊन सगळे स्क्रू बघत बसले होते. आईला उठवून दाखवले होते." तिने कड्यावर बोट ठेवलं. "मी त्याच स्क्रूंवरून तुम्हाला चोर ठरवलं. उभे लावा. चारही."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कागदाकडे पाहिलं.

"दोन गुण जातील," त्या म्हणाल्या.

"आत्ता ही गाडी सत्त्याण्णव आहे, पांढरी शहाण्णव," सचिव घाईने म्हणाले. "ताई, विचार करा. कप आहे!"

"मी भूगोल शिकवते, पण वजाबाकी येते मला," ताई म्हणाली. "लावा काका."

गोदामवाल्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि शहाणपणाने मिटलं.

काकांनी पहिला स्क्रू मागे घेतला. हात पुसला. मग एकेक करून चारही पिळले. प्रत्येक वेळी शेवटच्या पाव वळणाला ते थांबायचे, श्वास धरायचे, आणि खाच जागेवर आणून सोडायचे. तीन वर्षांत हात विसरला नव्हता. आत घड्याळ भरभर चालत होतं.

बाईंनी खिशातून भिंग काढलं. तबकडी पाहिली, आकडे पाहिले, मग चारही स्क्रू, एकेक करून, नियमाला लागतो त्याहून जरा जास्त वेळ. भिंग मिटलं. कागदावर लिहिलं: 'घड्याळ अस्सल, पूर्ण गुण. खाचा एका दिशेने, दोन वजा.' आणि सही केली.

"काम मात्र चोख आहे," त्या काकांना म्हणाल्या. "पण त्यासाठी रकाना नाही."

पाच वाजता सचिवांनी स्वतः माइक हातात घेतला, घसा खाकरला, आणि पहिलं नाव चुकीचं वाचलं.